सत्तावन्न किलो

ताई : सत्तावन्न किलोत बसलास तर पदरात काय काय पडणार, ते एकदा मोजून सांग.

धाकटा : बॉक्सिंगच्या संघात जागा. होस्टेलात खोली. दोन्ही वेळचं जेवण त्यांचं.

ताई : म्हणजे जेवण मिळावं म्हणून दोन दिवस उपाशी. पाणीसुद्धा नाही. वर नर्स बहीण फुकटात राबवायला.

धाकटा : हसवू नकोस, ओठ फाटतात.

ताई : मनगट दे. एकशे चार, तेही झोपून. आता उभा राहा.

धाकटा : अंधारी येतेय.

ताई : येणारच. अंगातलं पाणी आटलं की हृदयाची धावपळ होते. भूक?

धाकटा : ती कालच मेली. तहान मरत नाही. मघापासून भिंतीपलीकडे कुणीतरी भांडी घासतंय, त्याला जाऊन सांग ना बास म्हणून.

ताई : सांगते, माझा भाऊ नळाच्या आवाजानं पिसाळलाय. चढ काट्यावर.

धाकटा : किती?

ताई : छप्पन्न नऊशे.

धाकटा : बसलो. दहा वाजता त्यांच्या काट्यावर उभा राहिलो की झालं.

ताई : थांब. परवा साठ होतास. ही चरबी नव्हे, चरबी इतक्या घाईनं घर सोडत नाही. काल किती वेळा बाथरूमला गेलास?

धाकटा : मोजलं नाही.

ताई : मी मोजलं. नऊ वेळा. कोरड्या माणसाला लघवी होते थोडी आणि गडद. तुझी पाण्यासारखी होती, तूच म्हणालास. काय घेतलंस?

धाकटा : ओरडू नकोस, डोकं ठणकतंय.

ताई : मी ओरडत नाहीये. काय घेतलंस?

धाकटा : आईच्या पाकिटातल्या गोळ्या. तूच वर लिहिलंयस, 'अंगातलं पाणी काढण्यासाठी'.

ताई : तिच्यासाठी लिहिलं होतं. तिच्या हृदयासाठी. किती?

धाकटा : चारच होत्या.

ताई : चारच होत्या. मग दोन दिवस ती काय घेत होती?

आई : दार उघडं ठेवून भांडताय, मला सगळं ऐकू येतंय.

ताई : तू कशाला उठलीस? आणि अनवाणी का?

आई : चपला पायात जात नाहीत. त्याला बोलू नकोस. पाकीट रिकामं दिसलं तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे.

ताई : आणि मला सांगायचं नाही?

आई : तुला सांगितलं असतं तर तू त्याला पाणी पाजलं असतंस.

ताई : पाय किती सुजलेत, बोट दाबलं की खड्डा पडतोय. दम लागतो?

आई : बसून झोपलं की नाही लागत.

ताई : बसून झोपतेस? चल, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात.

आई : त्याचं वजन होऊ दे, मग जाऊ.

धाकटा : ताई, पाण्याचा तांब्या इकडे दे.

आई : अरे, तीनच तास राहिलेत.

(तो पितो. थांबून थांबून, पण सगळा.)

धाकटा : चल आई. खांदा धर, जिना उतरवतो.

ताई : स्वतःला उभं राहवेना, निघाला उतरवायला. मी पुढे होते, तुम्ही दोघं कठडा धरून या.

आई : आता किती भरेल गं तो?

ताई : सत्तावन्नच्या वर.

आई : म्हणजे माझे दोन दिवस फुकटच गेले.