धुतलेले दगड

चौकीत सगळ्यात आधी रंगारी आला होता, माझ्याही आधी, आणि तो बाहेर बाकावर बसलाय, हे पहिलं लिहा म्हटलं. तर हवालदार म्हणाले, आजी, आधी नाव, वय, धंदा. मला सगळे ओढ्याकाठची आजी म्हणतात. वय सत्तरच्या वरचं. धंदा पूर्वी शिवणकाम, आता नातवंडांवर ओरडणे. राहणार पुलाखालच्या वळणावर, मागचं दार ओढ्यात उघडतं ते घर. कोणी पाठवलेलं नसताना स्वतः येऊन सांगते ते असं.

आमच्या मागच्या दारी दर महिन्याला शाळेची मुलं येतात. त्यांना ओढेवाली बाई घेऊन येते. मुलांना आणि हौशी मंडळींना ओढ्याची तब्येत बघायला शिकवणं हे तिचं काम. पाण्यातला दगड उचलायचा, त्याच्या पोटाला चिकटलेले किडे पांढऱ्या ट्रेमध्ये मोजायचे आणि दगड होता तसाच परत ठेवायचा. किडे भरपूर तर पाणी चांगलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले, बाई गं, आमच्याकडे किडा दिसला तर आम्ही झाडू शोधतो! मुलं खो खो हसली. त्यांच्यातल्या एका दातपडकीचे बूट एवढे मोठे, की ती पुढे जाते आणि बूट मागे राहतात. घर नुसतं भरून जातं. हे लिहिण्यासारखं नसलं तरी लिहा.

आमचे हे जन्मभर पाण्याच्या टाक्या धुवायचे. आत उतरून घासायचं, ब्लीचिंग पावडर मारायची आणि वर येऊन म्हणायचं, आता आरसा झाला. गुडघे गेल्यापासून खिडकीत बसून मुलांना बघत. मला म्हणत, "म्हातारपणी किडे मोजायला लागलीस का?" मी म्हणे, "तुमचे दात मोजायचे तर एका बोटात संपतात." पण मुलं यायची म्हटलं की सकाळीच दाढी करून तयार.

गेल्या खेपेला, मुलं यायच्या आदल्या संध्याकाळी, मी बाजारात गेले होते. हे काठी टेकत ओढ्यात उतरले. वळणावरचे दगड ब्रशनं घासले आणि उरलेला पावडरीचा डबा पाण्यात रिकामा केला. पाहुणे येणार म्हणून आपण घर झाडतो, तसं. मी आले तर पँट भिजलेली. विचारलं, तर म्हणाले, "उद्या बघ, मुलं कशी खूश होतात."

दुसऱ्या दिवशी मुलांनी दगड उचलले. ट्रेमध्ये काही हलेना. काठाला बारके मासे पोट वर करून पडलेले. दातपडकी रडत म्हणाली, "आजी, सगळे मेलेत." रंगाऱ्याला मागे एकदा रंगाचं पाणी सोडताना ओढेवाल्या बाईनं पकडलं होतं, म्हणून सगळ्यांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला त्याच्या कापड रंगवायच्या शेडकडे बघितलं. मीही बघितलं. हे खिडकीत होते.

तक्रार झाली, शेडला सील लागलं. रंगारी आमच्या दारात येऊन म्हणाला, "काकू, तुम्ही तरी सांगा, त्यानंतर मी एक थेंब तरी सोडलाय का?" यांनी खिडकी लावून घेतली.

त्याच दिवशी जेवताना यांनी ताट सरकवलं. म्हणाले, "टाकी धुतो तसंच धुतलं गं. किडे काढायचेच असतात ना?" मी म्हणाले, "इथले ठेवायचे होते." मग म्हणाले, "उद्या चौकीत जाऊन सांगतो. इस्त्रीचा सदरा काढून ठेव." मी काढून खुर्चीवर ठेवला.

सकाळी हे उठलेच नाहीत. त्यानंतर घरात माणसं येत-जात होती, म्हणून मला यायला उशीर झाला. रंगारीही आला होता, खुर्च्या त्यानंच मांडल्या. सदऱ्याची खुर्ची तेवढी मी हलवू दिली नाही. हे कोणी विचारलेलं नाही.

रिकामा डबा आणि ब्रश पिशवीत आणलाय, जमा करून घ्यावा. रंगाऱ्याचा यात काही संबंध नाही, त्याची शेड उघडून द्यावी. यांच्या मनात वाईट नव्हतं, एवढं लिहा म्हटलं, तर हवालदार म्हणाले, "आजी, त्यांच्या मनातलं तुम्ही कसं सांगणार?" मी म्हणाले, "जन्मभर त्यांच्याबरोबर राहिले रे बाळा." मग त्यांनी लिहिलं.

मला कमी ऐकू येतं म्हणून हवालदारांनी सगळं दोनदा मोठ्यानं वाचलं. मी बोलले तेच उतरलंय. येते तशी सही केली आहे. एक राहिलं होतं, ते मागून घालायला लावलं. ओढेवाली बाई म्हणते, वरच्या अंगानं किडे हळूहळू परत येतात. मुलांना खरं काय ते मीच सांगणार आहे. परीक्षा संपली की पहिल्या शनिवारी येतो म्हणालीत.