नितीननं निवडला, मी जोडला तो कॉम्प्युटर

आमी मूळचे लांज्याकडचे, बुद्धवाडीतले, पण माजा जन्म रत्नागिरीतला, कारण बापूस मिरकरवाड्याजवळ मोटारी बांधायच्या दुकानात लागला होता. मोटार बांधायची म्हंजे जळलेली तांब्याची तार काढायची आन नवीन भरायची. बर्फाच्या फॅक्टरीच्या मोटारी, पंपाच्या मोटारी, खाऱ्या वाऱ्यानं इथं सगळं लवकर जातं, त्यामुळे काम कधी कमी पडलं नाय. मी सातवीतनं शाळा सोडून त्याच्याजवळ बसले आन तो गेल्यावर दुकान माज्याकडंच आलं. बाई मोटार बांधते म्हणून लोक आधी नुसते बघायला यायचे, मंग मोटार घेऊन यायला लागले.

नितीन माजा भाव, माज्याहून नऊ वर्षांनी धाकटा. काय सांगू तुमाला, दहा वर्षांचा होईपर्यंत पोर चांगलं पळत होतं, मंग जिन्यावर पडायला लागलं, उठताना गुडघ्याला हात लावायला लागलं. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं, याचे स्नायू हळूहळू जाणार, यावर औषध नाय. आये ते ऐकून बाकावरनं उठेचना, तिला धरून मी एसटीत बसवली. तरी त्यानं बारावी केली, मी उचलून न्यायची. मंग कॉम्प्युटरच्या क्लासला घातला. तिथं त्यानं गेम बघितला आन घरी येऊन रोज तेच सांगायचा. पण क्लास गेला दुसऱ्या मजल्यावर. नितीन तेव्हा एकवीस वर्षांचा, एवढ्या माणसाला उचलून जिना चढणं मला जमेना. दोन-तीन महिने तो खिडकीशी बसून होता. एक दिवस मला म्हणाला, गो ताय, मोटार बांधतेस तसा कॉम्प्युटर बांधशील काय.

दोन हजार तीन-चार साल असेल ते. गेम चालेल असला तयार कॉम्प्युटर आमच्या आवाक्यातला नव्हता. नितीन म्हणाला, सुटे भाग घेऊन जोडूया, फक्त ते एकमेकांना चालले पाहिजेत. कॉम्प्युटरची मासिकं कुणाकुणाकडनं आणली, मी पान उलटायची आन तो वाचायचा. इंग्रजी मला येत नाय, तो समजावून सांगायचा. प्रोसेसर कुठल्याही मदरबोर्डावर बसत नाय, त्याच्या पिना मोजून केलेल्या असतात. रॅमच्या पट्टीला एक खाच असते, ती जुळली नाय तर पट्टी शिरत नाय. गेमचं कार्ड बसायला बोर्डावर तपकिरी रंगाची वेगळी फट लागते. मी सतरा-अठरा वर्षं तारांत काढली, पण एवढ्याशा तुकड्यावर एवढं कुणी कोरून ठेवलं असेल हे माज्या डोक्यात मावत नव्हतं.

यादी घेऊन मी एकटी मुंबईला गेले. दुकानदारानं दुसराच बोर्ड पुढं केला, म्हणाला, बाई, हा घ्या, यावर सगळे गेम चालतात. मी उलटासुलटा करून बघितला. म्हटलं, भाऊ, यावर तपकिरी फट नाय, कार्ड कुठं बसवू. तो माज्याकडं बघतच राहिला, तुमी काय करता म्हणाला. म्हटलं, मोटारी बांधते. मंग त्यानं गुमान आतनं यादीतला बोर्ड आणून दिला.

जोडायला बसलो तेव्हा आये दारात उभी होती. नितीन सांगत होता आन मी करत होते. प्रोसेसर बसवताना म्हणाला, ताय, जोर लावू नकोस, तो आपणहून बसेल. माजे हात हातोडीचे, तार ओढायचे, मी श्वास धरून तो नुसता ठेवला आन तो खरंच आपणहून खाली बसला. चालू केला, पडदा उजळला. पण गेम लावला की मशीन बंद पडून परत पहिल्यापासून सुरू व्हायचं. तीनदा केलं, तीनदा तेच. नितीनचं तोंड उतरलं. ताय, मी चुकीचं कार्ड निवडलं, म्हणाला, आन जेवला नाय, दुसऱ्या दिवशीही नाय.

मी दुकानात मोटार चालू करून बघत होते, सुरू होताना मोटार किती ओढते ते मीटरवर दिसतं, आन माज्या मनात आलं, गेम सुरू होताना तेच तर होत नसेल. मीटर घेऊन घरी आले, मशीनला वीज नेणाऱ्या पिवळ्या तारेला लावला. बारा व्होल्ट. म्हटलं, नितीन, गेम लाव. काटा खाली साडेदहावर आला आन मशीन मेलं. सगळे भाग ज्यात बसवले त्या डब्याबरोबर आलेला तो पॉवर सप्लाय, हातात घेतला तर अगदीच हलका, आत तांबं असतं तर असा लागला नसता. म्हटलं, तुजी निवड चुकली नाय रे, याला पुरेसं खायला मिळत नाय. तो माज्याकडं बघून रडला. आजाराचं कळलं तेव्हासुद्धा रडला नव्हता.

दुसरा जड पॉवर सप्लाय कोल्हापूरहून एसटीनं मागवला. लावला आन गेम चालला. काय सांगू, डोंगर होता, खाली पाणी, पाण्यात ढग दिसत होते, कुणी काढलं असेल ते सगळं. त्यातला एक माणूस चढावर चालत होता. म्हटलं, हा कोण. नितीन म्हणाला, मी. दोन बोटं हलवली तशी तो माणूस धावायला लागला, उडी मारून ओढा ओलांडला. आये मटकन खाली बसली. अकरा वर्षांनी पोर धावताना बघत होती ती.

आता गुहागरपासून लोक येतात यादी करून घ्यायला, तो निवडतो, मी जोडते. त्याचा डावा हात आता पुरता गेला, उजव्याची दोन बोटं चालतात, उद्याचं मला माहीत नाय. एवढा मोठा बाप्या गेम खेळतो म्हणून शेजारणी हसतात, हसू देत. सगळ्यांची पोरं चालतीफिरती राहोत, आन ज्यांची चालणार नायत त्यांना चालायला अशी कुठंतरी जागा मिळो, एवढंच मागते.