कडेची जागा

(रविवारची सकाळ. बेकरीची मागची खोली. बेकरीवाला आणि त्याची बायको, दोघंच.)

बायको: म्हणून काय आज चर्चला पावच न्यायचा नाही?

नवरा: बघ ना, एका बाजूनं करपलाय. असला प्रभुभोजनाला देऊ?

बायको: तुमच्या हातून पाव करपला? नवलच म्हणायचं.

नवरा: लक्ष उडालं. काल चर्चचे पाळकसाहेब दुकानात आले होते. म्हणाले, दर महिन्याला पाव तुमच्या हातचा, आणि तो वाटायचं ताट फिरायच्या आत तुम्हीच बाहेर, असं का? मी म्हटलं, भट्टी बघायला जावं लागतं.

बायको: भट्टी विझवूनच तर निघतो आपण.

नवरा: तेही त्यांना ठाऊक असावं. नुसते हसले.

बायको: मला काय दिसत नाही? बाकाची कडेची जागा धरून बसता, आणि वेळ आली की हळूच सटकता. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून गप्प होते. सात वर्षं झाली, अहो.

नवरा: तुझा हात बघितला की त्या ताटाला हात लावायचा धीर होत नाही. मी पिऊन तर्र नसतो, तर तो तापलेला ट्रे तुझ्यावर पडला नसता. दोन बोटं अजून वळत नाहीत तुझी.

बायको: नाहीच वळत. खोटं कशाला बोलू? पहिली दोन वर्षं तुमचं तोंडही बघवत नव्हतं मला.

नवरा: मग?

बायको: मग एकदा प्रार्थनेला बसले, आणि राग शोधला तर सापडेना. मी काही मोठ्या मनाची नाही. सासूबाईंचा एक टोमणा अजून मनात धरून आहे. म्हणजे हे माझ्या पदरचं नव्हतं. देवानं दिलं.

नवरा: माझी दारूही त्याच सुमारास सुटली. आधी दहा वेळा शपथ घेतली नि मोडली. त्या दिवशी तर शपथही नव्हती. दिवसभर पीठ मळलं, आणि संध्याकाळी ध्यानात आलं, आज बाटलीची आठवणच झाली नाही.

बायको: मग? घर भरून मिळालंय, आणि तुम्ही अजून उंबऱ्याबाहेर.

नवरा: अगं, पण लायकी नको?

बायको: लायकीवर मिळाली असती तर तिला कृपा कशाला म्हटलं असतं? पगार म्हटलं असतं.

नवरा: आणि या करपलेल्या पावाचं काय?

बायको: सुरी घ्या. करपलेलं तेवढं खरवडा. पाव मी धरते.

नवरा: त्या हातानं?

बायको: याच हातानं. धरता येतं तेवढं.

नवरा: तरी डाग राहिलाच. लोकांना दिसेल.

बायको: दिसू दे. मोडूनच तर वाटायचाय. चला, पहिली घंटा झाली.

नवरा: अगं, ऐक.

बायको: आता काय?

नवरा: आज कडेला तू बस. मी आत बसतो.