पाठ टेकवायची कशी

ओदील: आणि पाय? पाय कुठे ठेवू, आत्या?

आत्या: कुठेच नाही. धडा तोच तर आहे. क्लेमांस तुझ्या कंबरेत हात घालेल, पोटरीमागे टांग अडकवेल आणि छातीनं रेटेल. तू फक्त पाठ वाळूला द्यायची. दोन्ही खांदे टेकले की सुटलीस.

ओदील: लोक जिंकायला शिकतात.

आत्या: त्या लोकांच्या राजाला पाणी देणारी बायको असेल.

ओदील: आपल्याची वारली, म्हणून जिंकेल ती त्याची बायको? मी का...

आत्या: वारली म्हणायचं नाही. राजाच्या कुंपणात कुणी वारत नाही. ‘आणखी आत गेली’ म्हणायचं.

ओदील: शहरात, झिगिंशोरला, नर्सच्या वर्गात नाव लागलंय माझं. भात कापून झालं की जायचंय. आणि मी अशीच चीत न होता राहिले तर जन्मभर त्या कुंपणात. आई गेली तरी बाहेर यायचं नाही.

आत्या: तोही कुठे बाहेर येतो? लाल कपडे घालून इतकी वर्षं एका स्टुलावर बसलाय. पावसाचा राजा तो. पाऊस बरा झाला की बरा असतो.

ओदील: यंदाचा बरा झालाय का?

आत्या: तू मान सैल सोड.

ओदील: मी रिंगणात उतरलेच नाही तर?

आत्या: वयात आलेली पोर उतरली नाही, तर तिच्या आईच्या वाफ्यात बी रुजत नाही. तुझा विश्वास नाही, ठाऊक आहे मला. पण वाफ्याला विचारलंस का?

ओदील: मग नुसतं ढोंग करते.

आत्या: कडेला आम्ही म्हाताऱ्या बसलेल्या असतो, त्या काय शेंगा फोडायला? खोटी पडलेली पोर त्याच संध्याकाळी राजाकडे पाठवायची, असं ठरलंय.

ओदील: कुणी ठरवलं?

आत्या: आम्हीच. तेव्हा तुझा जन्म नव्हता, म्हणून सोपं गेलं.

ओदील: जाऊ दे. बाकीच्या पोरींना मी गेल्या वर्षीच लोळवलंय, त्यांच्या हातून पडले तर कुणाला पटायचं नाही. पण क्लेमांस मला खरंच पाडेल. तिला जिंकायची केवढी हौस.

आत्या: होती. काल आली होती ती इथे.

ओदील: कशाला?

आत्या: ‘पाय कुठे ठेवू’ म्हणाली.

ओदील: आणि तू शिकवलंस?

आत्या: तीही मला आत्याच म्हणते. चल, उभी राहा. मी क्लेमांस.

(दोघी भिडतात.)

आत्या: पड. पड म्हणते ना. कूस कशाला वळवलीस?

ओदील: मी नाही वळवली. आपोआप वळली.

आत्या: पुन्हा. श्वास सोड. खांदा खाली... खाली, ओदील.

ओदील: सोडलाय. शपथ, सगळं अंग सोडलंय.

आत्या: मग वाळूत पाठ कुणाची आहे?

ओदील: तुझी.

आत्या: मघाशी?

ओदील: तुझीच. आत्या, आणखी एकदा करू. या वेळी नक्की पडते.

आत्या: आधी अंगावरून उठ. बरगडी दुखतेय माझी.

ओदील: क्लेमांसला जमलं?

आत्या: क्लेमांस फार सुंदर पडते गं.