मागून अर्धा सूत

…नाही, नाही, मान नका हलवू. मान तुमची चारी दिशांना जाते, त्यातून मी काय समजायचं? डोळ्यांनी बोला. तनयाने शिकवलंय ना — एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. लकवा अंगाला झालाय, डोक्याला नाही, असं ती म्हणते. मी म्हटलं, बाई गं, डोक्याची खात्री मला आधीही नव्हती — पण ते जाऊ दे. ऊन येतंय का तोंडावर? येऊ दे. इथूनच नीट दिसतं. थांबा, चाक रेषेवर आलंय खुर्चीचं, मागे घेते. पिवळ्या रेषेच्या आत मशीन चालवणारा सोडून कुणी यायचं नाही — कुणाचा नियम? तुमचाच. ऑइलपेंटचा डबा घेऊन स्वतः मारलीत ही रेष, लग्न होऊन महिना झाला नव्हता. मी आपला चहाचा कप रेषेवर ठेवायचा आणि मागे फिरायचं, देवाला नैवेद्य दाखवल्यासारखं. आता मी आत आणि तुम्ही बाहेर. कसं वाटतंय? — हे विचारलेलं नाही हो, उगाच डोळे नका दमवू.

ही बघा, आली नवी फेन्स. बुधवार पेठेत जाऊन आणली. दुकानदार म्हणतो, ताई, मिस्त्रींना पाठवा, ह्यात बारकावे असतात. म्हटलं, खुर्चीसकट पाठवते, तुमच्या पायऱ्या तेवढ्या तुम्ही चढवून घ्या. गप्प बसला. पेठेतला दुकानदार गप्प बसला, म्हणजे बघा! मग हळूच विचारतो, फळी जिला टेकवून पात्यावर ढकलतात ती लोखंडी पट्टी म्हणजे फेन्स, एवढं तरी माहीत आहे ना? आहे म्हटलं. इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काय बघत होते मी? बोल्ट सकाळीच आवळलेत. हसलात? नाही — ओठाची ती बाजू खालीच असते हल्ली. मला उगाच वाटलं.

हां, तनयाचा फोन आला होता. वाघोलीत दुसरा पेशंट मिळालाय तिला, सोमवारपासून, नेमकी तुमचीच वेळ. तुमचं बोलण्याचं शिकवणं चालू ठेवायचं की थांबवायचं, ते आज सांगा म्हणाली. म्हणते, ताई, काका 'मा' म्हणायला लागलेत, आता नेट लावला तर शब्द फुटतील, आता सोडलं तर मग राहिलंच. बघा, डोळे कसे मोठे झाले लगेच! मी म्हटलं, फेन्स बसवून झाली की कळवते. ती म्हणते, फेन्सचा काय संबंध? आहे, म्हटलं. संबंध आहे.

'मा' म्हणजे माला, असं तिला वाटतं. विजयमालाची माला — काका तुम्हालाच हाक मारतायत, म्हणते. गोड पोरगी आहे. तुम्ही मला नावाने कधी हाक मारली होती हो? 'ए' म्हणायचात. नाहीतर 'ऐकलं का'. गिऱ्हाइक बसलेलं असलं की 'आमचं येडं'. आमच्या येड्याला सांगा, चहा टाकेल. आणि गिऱ्हाइक हसायचं, आणि मी पण हसायचे, कारण कुणीतरी हसल्यावर मी एकटीनं न हसून कसं चालेल? तर आता तोंड उघडलंत की आधी काय येणार बाहेर, ते मला ठाऊक आहे. माला तर नाहीच.

खरं सांगू? असेच बरे वाटता मला. पहिल्या आठवड्यात तेवढा त्रास दिलात. नाचणीची पेज आणली की डोळे दोनदा — नको. बरं, नको तर नको, वाटी उचलली. दुपारी विचारलंच नाही. रात्री विचारलं, पेज? कसे पटकन एकदा मिटलेत! तेव्हापासून शहाण्यासारखं चाललंय. पंखा बंद करू? हो. मॅच बंद करून माझी मालिका लावू? हो. खुर्ची कोपऱ्यात नेऊ? हो. शेजारच्या शबनमभाभी म्हणतात, किती शांत झाले हो मिस्त्री, तुमच्या सेवेचं फळ आहे हे. म्हटलं, असेल.

आता इकडे लक्ष द्या. प्लग काढलाय, हा बघा, हातात आहे माझ्या. पात्याच्या ह्या एका दाताला खडूची खूण करते. हा दात पुढे आणायचा, फेन्सपर्यंतचं अंतर मोजायचं. मग हाच दात फिरवून मागे न्यायचा, पुन्हा मोजायचं. दुसऱ्या दातावर मोजलं की फसगत — एक दात इकडे झुकलेला, एक तिकडे. दोन्हीकडे अंतर सारखं भरलं, म्हणजे फेन्स पात्याला समांतर. आणि मागे कमी भरलं तर? तर फळी मध्ये चिमटते आणि पातं तिला उचलून माणसावर फेकतं. हे मला कुणी शिकवलं? फळीनेच. चहा घेऊन आले होते, रेषेच्या बाहेरच होते — इथे बसली, गळ्याखाली, हे हाड अजून वर आलेलं आहे. तुम्ही मशीन बंद करून धावत आलात. मला वाटलं, माझ्याकडे येताय. फळी उचललीत. सागवान होतं ना! उन्हाकडे धरून बघितलंत, चीर गेलीय का म्हणून. मी खाली बसून बघत होते. नव्हती गेली चीर. फार बरं वाटलं तुम्हाला.

तर — हे मुठीपाशी दोन स्क्रू. हे फिरवले की मागचं टोक सरकतं. एक… अजून जरा… आवळला. आता खडूचा दात पुढे, बघा, इथे एवढं. तोच दात मागे — आणि इथे एवढं. दिसतंय ना? न दिसायला काय झालं, रस्त्यापलीकडच्या दाराची चौकट केसभर वाकडी असली तर बसल्या जागेवरून ती बसवणाऱ्याची लाज काढायचात तुम्ही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तुमच्या डोळ्याला त्याचाही अर्धा खुपायचा.

प्लग लावते. पहिली फळी मीच घालणार, तुमच्या जागेवर उभी राहून. एकदाच विचारते, नीट बघून सांगा. फेन्स सरळ आहे? घालू फळी?

…एकदा.

एकदाच मिटलेत. आणि लगेच.

बरं. आता मी सांगते. मागून अर्धा सूत आत आहे. चुकून नाही — मुद्दाम आवळला मी स्क्रू, तुमच्या डोळ्यांदेखत, दात दोन्हीकडे दाखवून. तनयाला हो म्हणायला फोन हातात घेतला होता मी. मग म्हटलं, एकदा बघू. थांब म्हणतायत का बघू. म्हणाले, तर बोलू देत ह्यांना, येडं म्हणू देत, शिव्या घालू देत, काय हवं ते. पापण्या दोनदा मिटायच्या होत्या. एवढंच. एवढंसुद्धा माझ्यासाठी — आणि मी हे तुम्हाला का सांगतेय?

काय? आता मिटताय? आता दोनदा, चारदा, दहादा… भुसा गेलाय डोळ्यात. भुसाच आहे तो, पाणी येणारच. दुसऱ्यांदा विचारायची माझी सवय तुम्हीच मोडलीत. गप्प बसा. स्क्रू सैल करू दे मला… हां. आता सारखं भरतंय. खुर्ची वळवते. भिंतीकडे बघत बसा, मशीनचा आवाज ऐकू येईलच.

हॅलो, तनया? हो गं, बसली नीट. नाही — सोमवारी नको येऊस, त्या वाघोलीच्या पेशंटला हो सांगून टाक. नाही गं, मी एकटीने कशाला ठरवू? विचारलं ना त्यांना. हो म्हणाले. बरं, ठेवते, फळी कापायचीय.