समोरची खोली

पणजोबा खोकत गेले, आजोबा खोकत गेले, वडीलही खोकतच गेले. चौथ्या पिढीचा ड्रायव्हर सिगारेट सोडवण्याच्या दवाखान्यात आईशेजारी बसला होता, आणि सारी रांग कान देऊन ऐकत होती.

“कुठं निघालास?”

“जरा मोकळ्या हवेत.”

“खिशातली हवा आधी इथं ठेव!”

“आई, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. दोन बस बदलून आलो, सकाळपासून ताटकळतोय. तेवढ्यात अर्धी रांग बाहेर जाऊन ओढून आली. सिस्टर, आमच्या गल्लीतला दवाखाना बंद का केलात?”

“मावशी, वरचे साहेब म्हणतात, तिथं जागा नाही.”

“जागा नाही? याचे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा रोज घरी येऊन त्यांची पाठ कोण पुसत होतं?”

“मीच.”

“तेव्हा नाही विचारलीत जागा! माझ्या घराची समोरची खोली घ्या. साहेबांना सांगा, हिंमत असेल तर मला येऊन नाही म्हणा.”

“मावशी, एवढे उपकार…”

“उपकार नव्हेत, फेड आहे.”

पुढच्याच महिन्यात, वडिलांची खाट होती त्या कोपऱ्यात सिस्टरांचं टेबल लागलं. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरनं खिशातलं सिगारेटचं पाकीट त्यावर ठेवलं.

“सिस्टर,” आई म्हणाली, “आता फिटलं.”