दुसऱ्या दिवशी वाचायची फिल्म

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या प्रयोगशाळेचे संचालक, रुग्णालयातून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आमच्या ताई, त्यांचे यजमान, आणि मागच्या रांगेत चहाकडे डोळे लावून बसलेल्या सहकाऱ्यांनो,

मला गौरवाचे चार शब्द बोलायला सांगितलं आहे, तेही हलकेफुलके. प्रयत्न करतो. पण आज सकाळी ताईंना द्यायचं सन्मानचिन्ह हातात घेतलं, त्यावर कोरलेलं ‘अचूकतेचा ध्यास’ वाचलं आणि ते पुन्हा खोक्यात ठेवून दिलं.

ताई इथे नेमकं काय करायच्या, हे त्यांच्या यजमानांनाही पुरतं ठाऊक नसेल. घरी जाऊन त्या फक्त डोकं दुखतंय म्हणत असणार. तर ऐका. आम्ही लेसरचा ठोका एका अतिशय पातळ पत्र्यावर मारतो. पत्र्याच्या पलीकडून प्रोटॉन सुटतात आणि बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर आदळतात. पेशी वाढवायच्या मी आणि त्यांना किती डोस बसला ते मोजायचं ताईंनी. आमच्या लेसरचा स्वभाव लहरी. एका ठोक्याला ओंजळभर देईल, पुढच्याला चिमूटभर. म्हणून ताई प्रत्येक बशीला स्वतंत्र फिल्म लावायच्या. डोस बसला की फिल्म निळी पडते. जितकी गडद, तितका डोस जास्त. या फिल्मची एकच खोड आहे. तिचा रंग दुसऱ्या दिवसापर्यंत चढत राहतो. म्हणून ती दुसऱ्या दिवशी वाचायची, आणि रंगावरून डोस काढायचं आमचं कोष्टकही तसंच बेतलेलं आहे. यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा बरं?

पण त्या दिवशी बडे पाहुणे आले होते. कापायला केक होता, फोटोवाला होता. आपल्या संचालकांनी, म्हणजे सरांनी, फिल्म तासाभरातच स्कॅनरवर ठेवायला लावल्या. ताईंनी हरकत घेतली, तेव्हा सर हसून म्हणाले, फिल्म थांबेल हो, पाहुणे कसे थांबतील? अर्धवट चढलेल्या रंगावरून डोस काढला आणि मोठ्या पडद्यावर झळकला. अर्थातच कमी. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण माझ्या हातात बश्या होत्या.

पुढे पेशी मोजल्या, तर एवढ्याशा डोसाला मराव्यात त्याहून कितीतरी जास्त मेलेल्या. झालं! आमचा प्रोटॉनचा झोत इतरांपेक्षा प्रभावी ठरला. वास्तविक पेशींना डोस पुरेपूर मिळाला होता, कमी होता तो पडद्यावरचा आकडा. ताईंनी त्याच फिल्म दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे वाचल्या होत्या आणि चमत्कार जागच्या जागी विरला होता. त्या सरांकडे गेल्या. मी तिथे होतो, म्हणून सांगतो. सर म्हणाले, “एकदा पडद्यावर गेलेला आकडा मागे घेता येत नाही.”

ताई म्हणाल्या, “मग पेशींना आधीच सांगायचं होतं, जरा कमी मरा म्हणून.”

त्यानंतर ताईंची खोली बदलली. मोडक्या खुर्च्या ठेवतो ना आपण, तिथे त्यांचं टेबल गेलं. त्यांचा स्कॅनर कार्यालयात गेला. आजच्या समारंभाची सुबक निमंत्रणपत्रिका त्याच्यावरच स्कॅन झाली. शेवटी त्या ‘स्वेच्छेने’ निवृत्त होत आहेत, असं त्या पत्रिकेत छापलं आहे. याची मला शिसारी येते. माणसाला ढकलून दारापर्यंत न्यायचं आणि वर हातात फुलं द्यायची, याला निरोप म्हणतात का? आणि आपण सगळे नवे कपडे घालून बघायला बसलो आहोत. मीसुद्धा, इस्त्री करून आलो आहे.

अध्यक्षमहाराज, आपण चिठ्ठी पाठवलीत, मिळाली. आवरतो.

डॉक्टरसाहेब, आपण आमचे पाहुणे. आपल्याला इथे नुसता हार घालायला बोलावलेलं नाही, हे आपल्याला कोणी सांगितलं नसेल. चहापानानंतर सर आपल्या हाती तो आकडा देणार आहेत. या झोताला कमी डोस पुरतो असं समजून आपण उपचार ठरवाल, आणि माणसाच्या अंगातली गाठ तशीच राहील. बश्या आम्ही धुऊन टाकतो. तुमच्याकडे घरची माणसं बाहेर बाकावर बसलेली असतात. तो आकडा घेऊ नका. खरा आकडा ताईंकडे आहे, आणि त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारा, आत्ताच विचारा, सगळ्यांसमोर.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना मर्यादा सुटली असेल, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. मी खाली बसतो. ताई, माईक तुमच्याकडे आणून देतो आहे.